लग्नाची प्रत, तेरवीची प्रत

एकोडीच्या एका लग्नात आम्हाला परतीची भेट म्हणून कादंबरी मिळाली.

पवनीत आमचं साड्यांचं दुकान आहे. मागच्या बाजूला माग चालतात आणि पुढे गादीवर आम्ही दोघी जावा बसतो. एकोडीचं ते कुटुंब आमचं जुनं गिऱ्हाईक. लग्नाचा सगळा बस्ता आमच्याकडून गेलेला, त्यामुळे जाणं भागच होतं. मी, माझे मिस्टर आणि मोठ्या जाऊबाई असे गाडी करून गेलो. ऊन असं की मांडवातले कूलरसुद्धा धापा टाकत होते. जेवण उत्तम झालं. आहेर करून निघालो, तर मांडवाच्या तोंडाशी एक बाई प्रत्येकाच्या हातात पिवळं पाकीट ठेवत होती. आमच्याकडे अशा वेळी स्टीलचा डबा मिळतो, नाहीतर वाटी. जाऊबाईंनी पाकीट दाबून पाहिलं.

"मऊ लागते वं," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "टॉवेल असल."

गाडीत बसल्यावर त्यांनी ते फोडलं.

"हे काय होय?"

"पुस्तक आहे," मी म्हटलं.

"ते मले दिसून राहिलं. डब्बा कुठं आहे?"

डबा नव्हता. मुखपृष्ठावर केळीचे खांब, सनई-चौघडा आणि डोली घेऊन निघालेले भोई होते, म्हणजे लग्नपत्रिकेवरचं चित्र जसंच्या तसं. त्यावर रक्त ओघळल्यासारख्या लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'चोरीला गेलेला तलाव'. खाली बारीक अक्षरांत, 'एक भयंकर रहस्यमय कादंबरी'. लेखकाच्या नावाच्या जागी होतं, 'तुमच्यातलाच एक'. पान उलटलं तर आत, 'प्रकाशक : लेखकाची बायको (नाइलाजाने)'.

आता घरात वाचणारी म्हणून ख्याती माझी. मी मराठी घेऊन बी.ए. केलेलं. माझ्या कपाटात चांगल्या वजनदार कादंबऱ्या आहेत. त्यांतला नायक साधारण खिडकीशी उभा असतो आणि पुस्तक संपेपर्यंत तिथून हलत नाही. जाऊबाई वाचायच्या ती फक्त मसाल्याच्या पाकिटामागची कृती, आणि तीही भांडण्यासाठी. "येवढं तिखट कोण टाकते?" असं त्या पाकिटालाच विचारायच्या. त्यामुळे मी ते पुस्तक वरवर चाळून पिशवीत टाकलं. जाऊबाईंनी मात्र आपली प्रत उघडून मोठ्यानं वाचायला घेतली. हेतू स्वच्छ होता. डबा न देणाऱ्या माणसाची अब्रू काढायची.

"'सकाळी गाव उठून पाहते तर तलाव जागेवर नव्हता,'" त्यांनी वाचलं आणि मिस्टरांकडे पाहिलं. "आयका भाऊजी. तलाव चोरून नेला म्हणते. पोत्यात भरला का काय?"

मिस्टर हसले. मीही हसले. साकोलीपर्यंत त्या वाचत आणि शिव्या देत होत्या. लाखनी आली तेव्हा शिव्या थांबल्या. पुढे वाचनाचा आवाजही थांबला. अड्याळला मिस्टरांनी चहासाठी गाडी उभी केली तर जाऊबाई उतरल्याच नाहीत. चहा खिडकीतून आत दिला. तो त्यांनी पुस्तकावरून डोळे न काढता घेतला आणि तसाच परत केला, भरलेला.

"बरं नाही का वहिनी?" मिस्टरांनी विचारलं.

"चुप बसा जी," जाऊबाई म्हणाल्या. "म्हैस बोलून राहिली."

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मीही माझी प्रत काढली. म्हटलं, बघू तरी म्हैस काय म्हणते. संध्याकाळी मागावरची माणसं घरी जायला निघाली तेव्हा मी मान वर केली.

गोष्ट अशी होती. गावचा तलाव एका रात्रीत नाहीसा होतो. खड्डा नाही, चिखल नाही, मासे नाहीत. त्या जागी कोरडी, झाडून ठेवल्यासारखी जमीन. पोलीस येतात आणि तलाव होता याचा पुरावा मागतात. तेव्हा तपासाला लागतो ढोरांचा डॉक्टर, ज्याला जनावरांची भाषा कळते. चोरीची एकमेव साक्षीदार असते तलावात डुंबणारी एक म्हैस. कादंबरीतली सगळी माणसं आमच्यासारखी बोलतात, मले-तुले, जाऊन राहिलो, काहून रे बावा. एकटी म्हैस बोलते शुद्ध, पाठ्यपुस्तकातली मराठी. "डॉक्टरसाहेब, कृपया माझ्या मताची नोंद घ्यावी," असं ती दर वेळी सुरुवातीला म्हणते आणि मग रवंथ करत विचार करते. तो विचार पानभर चालतो.

सातवा अध्याय दोनदा छापला होता. आधी वाटलं छापखान्याची चूक. पण दुसऱ्या वेळी वर लिहिलं होतं, 'हा अध्याय चांगला जमला असल्याने पुन्हा देत आहोत.' अकरावा अध्याय दोन ओळींचा होता : 'या दिवसांत प्रकाशक माहेरी गेल्याने लेखकाला स्वयंपाक करावा लागला. चोर या अध्यायात सापडत नाही.' आणि खरं सांगते, दुसऱ्यांदा आलेला सातवा अध्याय मी पहिल्यापेक्षा लक्ष देऊन वाचला.

शेवटी डॉक्टर चोराला पकडतो, तलाव परत येतो, तलावाच्या पाळीवर डॉक्टरचं लग्न लागतं आणि म्हैस मंगलाष्टक म्हणते. जाऊबाईंनी ते मंगलाष्टक पाठ केलं.

त्यानंतर आमच्या दुकानातली भाषाच बदलली. रंग कोणता मागवायचा यावर वाद झाला की जाऊबाई म्हणायच्या, "कृपया माझ्या मताची नोंद घ्यावी." मी रवंथ केल्यासारखं तोंड हलवायची. मिस्टर हिशेबातून मान वर करून आमच्याकडे पाहायचे आणि पुन्हा खाली घालायचे. एकदा त्यांनी विचारलंच, "तुमी दोघी आजकाल शुद्ध काहून बोलून राहिल्या?"

"शुद्ध नाही," जाऊबाई म्हणाल्या, "म्हशीवानी."

असे काही महिने गेले. मग एका सकाळी मोहाडीकडच्या करडी गावची एक बाई दुकानात आली. पवनीत तिच्या बहिणीचं सासर होतं. नणंदेच्या मुलीच्या लग्नासाठी तिला कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी हवी होती. उंच, ठसठशीत, आवाज असा की समोरच्या किराणा दुकानातलं गिऱ्हाईकही वळून पाहील. तिनं साड्यांचा ढीग उपसला आणि एकही पसंत करेना. शेवटी जाऊबाईंनी एक मोरपिशी साडी पुढे केली आणि सवयीनं म्हणाल्या, "कृपया माझ्या मताची नोंद घ्यावी."

ती बाई एकदम थांबली. तिनं आमच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"'...कारण मी पाण्यात होते आणि तुम्ही सर्व काठावर होता,'" तिनं पुढचं वाक्य पूर्ण केलं.

कोणी तरी आपलं गुपित भर बाजारात मोठ्यानं वाचून दाखवावं तसं मला झालं. जाऊबाई तर गादीवरून उठून उभ्याच राहिल्या. "तुमीबी वाचली?"

"अवो बाई, म्या चार डाव वाचली! तुमाले कुठं भेटली?"

"एकोडीले, लग्नात. तुमाले?"

"आमच्या गावात, सरपंचाच्या बापाच्या तेरवीत."

तेरवीत पुस्तक वाटतात हे आम्हाला जरा विचित्र वाटलं, पण तो विचार करायला वेळ नव्हता. दोघी एकमेकींचे हात धरून बोलत सुटल्या. पोलीस तलावाच्या जन्माचा दाखला मागतात तो प्रसंग, डॉक्टर बेडकांची जबानी घेतो तो प्रसंग. मी चहा मागवला. सगळं इतकं छान चाललं होतं. मग करडीच्या बाई पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "अन् शेवटी ते म्हैस मेली तवा मी दोन दिवस जेवली नाही."

जाऊबाईंचा हात सुटला.

"कोणती म्हैस?"

"कोणती म्हंजे? म्हैस."

"म्हैस कायले मरल? ते लग्नात मंगलाष्टक म्हणते."

"कोणाच्या लग्नात? डॉक्टर तर तिच्या आंधीच मरते. तलावात बुडून."

"तलाव तर चोरीले गेला आहे!"

"वापस येते न, अन् डायरेक्ट त्याच्याच आंगावर येते!"

आवाज इतका वाढला की मागावरचे विणकर काम सोडून दारात आले. जाऊबाईंच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्या घरात गेल्या, आपली प्रत आणली आणि शेवटचं पान उघडून बाईंच्या पुढ्यात आदळली. बाईंनी वाचलं. मग त्यांनी फोन काढून गावाकडच्या भाचीला आपल्या प्रतीचं शेवटचं पान मोबाईलवर पाठवायला सांगितलं. ते आलं. तिथं म्हैस शांतपणे म्हणत होती, "माझ्या मताची नोंद आता आपणच ठेवा," आणि डोळे मिटत होती. जाऊबाईंनी ते वाचलं आणि साड्यांच्या ढिगावर तशाच बसल्या.

"खोटं आहे," त्या म्हणाल्या. "कोनंतरी खोटं छापलं."

साडी राहिलीच. बाईंनी आपलं लग्नाचं काम बाजूला ठेवलं आणि आम्ही तिघींनी ठरवलं की लेखकाला गाठायचं. एकोडीला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "पुस्तकं व्हय? ते बिछायतवाल्यानं देल्ले, त्यानंच लिहिले म्हणे. आमी नाही म्हटलं तरी देल्ले. मांडव, खुर्च्या, कूलर घेतला तर पुस्तक संगं येतेच म्हणे." कुठला बिछायतवाला? कोंढ्याचा. म्हणजे आमच्याच तालुक्यातला, हाकेच्या अंतरावरचा. जाऊबाईंनी कपाळावर हात मारला. एवढा मोठा लेखक कोंढ्यात राहतो आणि आम्ही त्याच्या मांडवाखालून जेवून उठलो.

दोन दिवसांनी आम्ही तिघी काळीपिवळी जीपमध्ये बसून कोंढ्याला गेलो. बिछायत केंद्र सापडायला वेळ लागला नाही. रस्त्याला लागून टिनाचं मोठं गोदाम, बाहेर उलट्या रचलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि दोरीवर वाळत घातलेले पडदे. एक बाई पाइपनं खुर्च्या धूत होती. मी तिला लगेच ओळखलं, एकोडीला पिवळी पाकिटं वाटणारी हीच. तिनं आमच्या हातांतली पुस्तकं पाहिली आणि पाइप खाली ठेवला.

"डब्ब्यासाठी भांडाले आल्या का?" तिनं थकलेल्या आवाजात विचारलं. "लोकं येतेत. माझ्यापाशी वाट्या हायेत, घेऊन जा, पण त्याइले काही बोलू नका."

"आमाले लेखकाले भेटाचं आहे," मी म्हटलं. "पुस्तकाबद्दल विचाराचं आहे."

तिला ते समजायला थोडा वेळ लागला. "पुस्तकाबद्दल?" तिनं पुन्हा विचारून खात्री केली आणि मग हात पुसत आम्हाला आत नेलं.

गोदामात अंधार होता. मध्यभागी, बांबू आणि सतरंज्यांच्या गठ्ठ्यांच्या मधोमध, लग्नाच्या स्टेजवर नवरदेवासाठी ठेवतात ती लाल मखमलीची, सोनेरी पायांची खुर्ची मांडलेली होती. तिच्यावर बनियन आणि लुंगीतले एक गृहस्थ बसले होते. पोट सुटलेलं, चष्मा कपाळावर, मांडीवर पाट आणि पाटावर लग्नपत्रिकांचे पाठकोरे कागद. शेजारी नवरीची तशीच खुर्ची रिकामी होती.

"साध्या खुर्चीवर बसलं तर त्याइले काहीच सुचत नाही," त्या बाई, म्हणजे प्रकाशक, आमच्या कानात म्हणाल्या. "अन् वाचून दाखवाचं असलं की मले या बाजूच्या खुर्चीवर बसावं लागते. भाजी लागते चुलीवर."

लेखकानं आम्हाला पाहून घाईनं शर्ट चढवला. करडीच्या बाई वाट पाहणाऱ्यांतल्या नव्हत्या. "म्हैस काहून मारली जी?" त्यांनी थेट विचारलं.

"मारलीच नाही!" जाऊबाई म्हणाल्या.

लेखकानं दोघींच्या हातांतली पुस्तकं घेतली, शेवटची पानं पाहिली आणि हसून मान हलवली. "अवो, हे तुमची लग्नाची प्रत आहे. अन् हे यायची तेरवीची. तेरवीत आलेल्या लोकाइले मंगलाष्टक म्हणणारी म्हैस देऊ का? बरं दिसते का? जसा कार्यक्रम, तसा शेवट. बारशाची प्रत येगळी आहे. वास्तुपूजनाची येगळी. पत्रिका छापते तो छापखानावाला प्रत्येक डाव शेवटची पानं बदलवून देते."

मी आयुष्यात पुष्कळ कादंबऱ्या वाचल्या, पण मांडवाप्रमाणे शेवट भाड्यानं मिळतो हे मला ठाऊक नव्हतं.

मग लेखकाला काहीतरी झालं. तो दोन्ही पुस्तकं धरून उभाच राहिला. "म्हंजे," तो हळूच म्हणाला, "तुमी शेवटापर्यंत वाचलं?"

"मंग?" जाऊबाई म्हणाल्या. "मले मंगलाष्टक पाठ आहे."

"अवो आयकलं का!" त्यानं बायकोला हाक मारली, ती दोन हातांच्या अंतरावर उभी असताना. "शेवटापर्यंत वाचलं म्हणते!"

"तिघीनंबी?" तिनं विचारलं. तिच्या डोळ्यांत अविश्वास होता. ती लगबगीनं चहा ठेवायला गेली आणि जाता जाता दोनदा वळून आमच्याकडे पाहिलं.

चहा पिताना त्यानं मला विचारलं, "तुमी शिकलेल्या दिसता. कशी वाटली?" माझ्या मनात पुष्कळ मोठे शब्द तयार होते. बी.ए.ला शिकलेले सगळे. पण तोंडातून निघालं, "म्हैस फार आवडली." त्यानं समाधानानं मान डोलावली. मी धीर करून विचारलं, "ती एकटीच शुद्ध का बोलते?"

"शाळेत मास्तर मले म्हणे, म्हशीवानी बोलू नको, शुद्ध बोल," तो म्हणाला. "मले काही जमलं नाही. मंग म्या म्हशीलेच शुद्ध बोलाले लावलं. म्हटलं, आता बोला."

निघताना त्यानं आम्हाला गोदामाच्या मागे नेलं. तिथं कडुनिंबाखाली म्हैस बांधलेली होती, काळीभोर, एक शिंग खाली वळलेलं, कादंबरीत लिहिलं होतं अगदी तसं. जाऊबाई तिच्यापुढे हरखून उभ्या राहिल्या. पिशवीतलं केळं काढून त्यांनी तिला दिलं. म्हशीनं ते सालासकट खाल्लं आणि आमच्याकडे पाहात राहिली.

"पाहा!" जाऊबाई करडीच्या बाईंना म्हणाल्या. "जित्ती आहे!"

"हे दुसरी असल," करडीच्या बाई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. मी मधे बसले होते.

पण लेखकाला आता चैन पडेना. आठवडाभरात त्याचा फोन आला. त्यानं ठरवलं होतं की ज्यांनी ज्यांनी शेवटापर्यंत वाचलं त्या सगळ्यांना एकत्र बोलवायचं, मांडव घालायचा, जेवण द्यायचं आणि कादंबरीचा एकच, पक्का, खरा शेवट सगळ्यांसमोर वाचायचा. मांडव घरचा, खुर्च्या घरच्या. लोकांना निरोप द्यायचं काम आमच्यावर आलं. करडीच्या बाईंनी मोबाईलवर ग्रुप काढला. मला वाटलं होतं, आम्ही तिघी आणि फार तर चार माणसं. पण या गावचा एक कंपाउंडर, त्या गावची एक अंगणवाडीवाली बाई, कोणी धानाचा व्यापारी, कोणी दोन बहिणी, असे कुठून कुठून लोक निघाले. प्रत्येकाला वाटत होतं की हे पुस्तक आपल्याशिवाय जगात कोणीच वाचलेलं नाही.

कार्यक्रम कोंढ्यालाच, दुपारी. आम्ही पोचलो तेव्हा लोक आपोआप वाटण्या करून बसले होते. उजवीकडे लग्नाची प्रत वाचलेले, डावीकडे तेरवीवाले. मागे बारशाची मंडळी, ज्यांच्या प्रतीत म्हैस विते आणि तिचं रेडकू चोर शोधून काढतं. वास्तुपूजनवाले म्हणत होते की चोरानं तलाव आपल्या नव्या घराच्या गच्चीवरच्या टाकीत ठेवला होता. आणि कोपऱ्यात एकटे बसलेले एक गृहस्थ कोणाच्या तरी सेवानिवृत्तीच्या कार्यक्रमातून आले होते. त्यांच्या प्रतीत चोर सापडतच नाही. डॉक्टर रिटायर होतो आणि तपासाची फाईल पुढच्या डॉक्टरच्या हवाली करतो. "हाच खरा शेवट आहे," ते प्रत्येकाला सांगत होते. ते स्वतः सरकारी नोकरीत होते.

स्टेजवर अर्थातच ती लाल खुर्ची होती, कारण साध्या खुर्चीवरून त्याला वाचताही येत नव्हतं. जोडीची खुर्ची बायकोसाठी. लेखकानं नवा कुर्ता घातला होता आणि जाऊबाईंनी प्रकाशकांना आमच्या दुकानातली कोशाची साडी बळेच नेसवली होती. त्यात गावातल्या कोणीतरी हौसेनं गेटवर नेहमीचं झगमगतं तोरण लावून दिलं आणि भोंग्यावर सनई सुरू केली. रस्त्यावरच्या लोकांनी यातून जो अर्थ काढायचा तो काढला. बसची वाट पाहणारे आत आले. शेजारच्या गावचे आले. कोणी घरी जाऊन कपडे बदलून आले. काही जण आहेरही घेऊन आले.

"नवरदेव जरा वयस्कर आहे," माझ्यामागे एक म्हातारबुवा म्हणाले.

"आजकाल पोरी भेटत नाहीत जी," दुसरे म्हणाले.

एक अनोळखी बाई जाऊबाईंच्या शेजारी येऊन बसल्या आणि आपुलकीनं विचारू लागल्या, "तुमी पोरीकडच्या का पोराकडच्या?"

जाऊबाईंचं लक्ष डावीकडच्या शत्रूकडे होतं. "आमी लग्नाकडचे," त्या म्हणाल्या. "ते तिकडं बसले ते तेरवीकडचे."

त्या बाईंनी डावीकडे पाहिलं, स्टेजवर पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "एकाच मांडवात?"

लेखक माईकपुढे उभा राहिला. "म्हैस..." एवढा एक शब्द त्यानं उच्चारला आणि दोन्ही बाजूंनी आरडाओरडा सुरू झाला. "जित्ती ठेवा!" "मेली ते मेली!" "रेडकाचं काय?" सेवानिवृत्तीवाले उभे राहून हात वर करत होते. करडीच्या बाईंचा आवाज सगळ्यांच्या वर. जाऊबाई मंगलाष्टक म्हणू लागल्या, आणि ते ऐकल्यावर लग्न समजून आलेल्या लोकांनी वेळ झाली असं मानून अक्षता टाकल्या. अक्षता कुठून आल्या हे मला आजतागायत कळलं नाही. लेखक अक्षतांच्या माऱ्यात डोळे मिटून उभा होता. चष्मा खाली पडला. तो बिचारा आता रडेल असं मला वाटलं आणि मी उठून पुढे निघाले.

माझ्याआधी त्याची बायको उठली. तिनं केसांतले तांदूळ झटकले आणि नवऱ्याच्या हातातून माईक घेतला.

"मी प्रकाशक आहो," ती म्हणाली. मांडव गप्प झाला. "यायनं लग्नात म्हैस गायले लावली, तेरवीत मारली, बारशात व्यायले लावली. तिले कोणी इचारलं का, बाई तुह्या मनात काय आहे? तलाव कोणी चोरलाच नाही. म्हैस तुमाले सगळ्याइले कंटाळली अन् आपल्या माहेरी निघाली. तलावाले तिच्याबिगर करमे ना. रोज आंगावर घेऊन बसे न तिले. मंग तोबी उठला अन् तिच्या मागं मागं गेला. झाली गोष्ट. आता जेवून घ्या, भात थंडा होऊन राहिला."

पहिली टाळी तेरवीकडून वाजली. मग सगळा मांडव वाजला. लेखक तोंड उघडं टाकून बायकोकडे पाहात होता. माईक अजून चालूच होता, त्यामुळे पुढचं सगळ्यांनी ऐकलं.

"हे मले काहून सुचलं नाही वं?"

"तुमी कधी माहेरी गेले का?" ती म्हणाली.

जेवणाच्या पंगतीत लग्नवाले आणि तेरवीवाले सरमिसळ बसले. बारशावाल्यांची रेडकाबद्दल कुरकुर होती, पण रेडकू आईबरोबर गेलं असणार असं प्रकाशकांनीच वाढता वाढता सांगून टाकलं. सेवानिवृत्तीवाले गृहस्थ मात्र पटवून घेईनात. तलावाची बदली झाली असं लिहा, असं ते शेवटपर्यंत म्हणत होते. करडीच्या बाई जाऊबाईंच्या ताटात स्वतःच्या हातानं बुंदी वाढत होत्या. मी वाढपाला हात लावला. घामानं चिंब झाले होते आणि कित्येक वर्षांत इतकं हसले नव्हते. माझ्या कपाटातल्या खिडकीशी उभ्या असलेल्या नायकांची मला त्या वेळी खरंच दया आली. त्यांना कोणी अशी पंगत घातली नव्हती.

निघताना आहेराचा प्रश्न उभा राहिला. स्टेजच्या कडेला परातीपासून पंख्यापर्यंत वस्तू साठल्या होत्या आणि देणारे केव्हाच जेवून निघून गेले होते. लेखक संकोचून गेला होता. एकट्यानं ठेवून घेणं त्याला बरं वाटेना, म्हणून त्यानं सगळ्यांना एकेक वस्तू बळेच दिली. कंपाउंडरला परात मिळाली, अंगणवाडीच्या बाईंना पंखा. आमच्या वाट्याला भिंतीवरचं घड्याळ आलं, मागे मोर आणि पुढे सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह'.

संध्याकाळी घरी आलो तर मिस्टर दुकान आवरत होते. जाऊबाईंनी घड्याळ गादीवर ठेवलं. केसांत अजून तांदळाचे दाणे होते.

"कोणाचं लग्न होतं वहिनी?" मिस्टरांनी विचारलं.

"लेखकाचं."

"बरं. पोरगी कुठची?"

"त्याचीच बायको आहे," जाऊबाई म्हणाल्या, आणि पाय धुवायला मोरीकडे गेल्या. मिस्टर माझ्याकडे पाहात राहिले. मी म्हटलं, जेवण उत्तम होतं.